शिकवण्यासाठी ॲनिमेशन शिकायचंय: सॉफ्टवेअर कोणतं, सुरुवात कुठून?

रानजाई

नमस्कार मंडळी,

मी सहावी ते आठवीला विज्ञान आणि भूगोल शिकवते. शाळा तालुक्याच्या गावची, मराठी माध्यमाची. आमच्याकडे शैक्षणिक सीडींचा एक जुना संच आहे, त्यातलं बरंचसं फ्लॅशमध्ये (हलती, हाताळता येणारी चित्रं बनवायचं अडोबीचं जुनं साधन) बनवलेलं. पचनसंस्थेवरचा त्यातला एक भाग फार सुरेख होता. मुलं घास ओढून तोंडात टाकायची आणि मग तो पुढे कुठे जातो, तिथे त्याचं काय होतं, हे एकेक टप्प्यानं उलगडायचं. ३१ डिसेंबर २०२० ला अडोबीनं फ्लॅश प्लेअर बंद केला, १२ जानेवारी २०२१ पासून त्यात काही चालेनासं झालं आणि आमचा संच कपाटात गेला. त्यानंतर शाळेत जे आलं ते बहुतेक व्हिडिओच. दीक्षा या सरकारी शैक्षणिक पोर्टलवरचं आणि पुस्तकातल्या क्यूआर कोडमागचं साहित्य मी नेहमी वापरते, पण माझ्या वर्गातली मुलं नेमकी जिथे अडतात तिथलं काही हवं असेल तर ते मलाच बनवावं लागणार, हे आता पक्कं झालंय.

पॉवरपॉइंट बऱ्यापैकी येतं. चित्र काढता येतं, हात अगदी वाईट नाही. प्रोग्रामिंग येत नाही. पैसे खर्च करून महिन्याच्या वर्गणीचं सॉफ्टवेअर घेणं शक्य नाही. शाळेतल्या संगणकांना ४ जीबी मेमरी आहे, नेट असतं-नसतं.

डोक्यात तीन विषय आहेत: चंद्राच्या कला, रक्ताभिसरण आणि साधा विद्युत परिपथ. ब्लेंडर (त्रिमिती ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर) शिका असं एक जण सांगतो, स्क्रॅच (ठोकळे जोडून प्रोग्राम बनवायचं साधन) शिका असं दुसरा, तिसरा म्हणतो की आता सगळं एआय करून देईल, शिकायची गरजच नाही. तुमच्यापैकी ज्यांनी असं काही बनवलंय त्यांनी मार्ग दाखवावा.

अनिमेष

धागा आवडला. मी पुण्यात ॲनिमेशनचंच काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी दोन गोष्टी वेगळ्या करू. सिनफिग, ओपनटूंझ, क्रिता, पेन्सिलटूडी, ब्लेंडर ही ॲनिमेशनची सॉफ्टवेअर्स. सगळी फुकट आहेत, सगळी उत्तम आहेत. ओपनटूंझ तर ज्या टूंझपासून निघालं ते स्टुडिओ जिबलीत वापरलं जायचं, २०१६ मध्ये ते सगळ्यांसाठी खुलं झालं. पण या सगळ्यांतून शेवटी बाहेर पडतो तो व्हिडिओ. तुम्ही चार आठवडे खपून हृदयाचं सुंदर ॲनिमेशन केलंत तरी मूल ते बघणारच फक्त. घास ओढून तोंडात टाकणं हे त्यातून होणार नाही. त्यासाठी दुसऱ्या जातीची साधनं लागतात: स्क्रॅच, एचफाइव्हपी (ब्राउझरमध्ये चालणारे प्रश्न आणि कृती बनवायचं साधन), जिओजेब्रा (गणिताच्या हलवता येणाऱ्या आकृत्यांसाठी) किंवा थोडं एचटीएमएल, म्हणजे वेबपान लिहायची भाषा.

म्हणून सॉफ्टवेअर निवडण्याआधी प्रत्येक विषयासाठी एकच वाक्य कागदावर लिहा: "मूल हातानं काय करणार?" चंद्राला फिरवणार. रक्ताच्या थेंबाला योग्य कप्प्यात नेणार. तार जोडणार. हे वाक्य लिहिता आलं नाही तर त्या विषयाला व्हिडिओ किंवा फळ्यावरचं चित्र पुरे आहे.

माझा सल्ला असा. पहिल्यांदा इंकस्केप शिका. ते ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर नाहीच, चित्राचं आहे, पण त्यातलं एसव्हीजी चित्र (रेषा आणि आकारांच्या रूपात साठवलेलं) कितीही मोठं केलं तरी फाटत नाही, फाइल हलकी राहते आणि चित्रातल्या प्रत्येक भागाला वेगळं नाव देता येतं. हृदयाचे चार कप्पे चार वेगळे आकार म्हणून काढलेत की पुढे कुठल्याही साधनात ते वेगवेगळे हलवता येतात. त्यानंतर एचफाइव्हपी. ब्लेंडर सर्वात शेवटी, तेही खरोखर त्रिमिती लागली तरच. ४ जीबीच्या मशीनवर ब्लेंडरशी झटापट करण्यात तुमचा उत्साह जाईल.

आणि परिपथ तर बनवूच नका. कोलोरॅडो विद्यापीठाच्या फेट प्रकल्पानं तो केव्हाच करून ठेवलाय. नोबेल मिळालेले भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये सुरू केलेला हा प्रकल्प. त्यातली कित्येक सिम्युलेशन्स मराठीत आहेत आणि एचटीएमएल फाइल उतरवून घेतली की नेटशिवाय चालतात. बॅटरी, तारा, दिवा ओढून जोडायचे, इलेक्ट्रॉन सरकताना दिसतात. ते तुमच्या-माझ्याच्यानं एवढं नीट होणार नाही.

सीडीबद्दल: त्यात .ईएक्सई फाइल असेल तर ती ब्राउझरवर अवलंबून नसते, थेट उघडून बघा, अजून चालण्याची शक्यता चांगली आहे. नुसत्या .एसडब्ल्यूएफ, म्हणजे फ्लॅशच्या फाइली असतील तर त्या चालवणारं रफल नावाचं साधन वापरून पाहा. जुन्या ॲक्शनस्क्रिप्टमधल्या (फ्लॅशची प्रोग्रामिंग भाषा) फाइली त्यात छान चालतात. तुमची पचनसंस्था परत मिळेल कदाचित.

पाटीपेन्सिल

रानजाईबाई, तुमची तळमळ पोचली. अनिमेष यांच्या "मूल हातानं काय करणार" या प्रश्नाला माझं पूर्ण अनुमोदन. मी निवृत्त शिक्षक आहे, सॉफ्टवेअरमधलं मला कळत नाही, पण मुलं ॲनिमेशन बघताना काय होतं ते पुष्कळ बघितलंय. हलतं चित्र सुरू झालं की वर्ग शांत होतो आणि आपल्याला वाटतं की समजतंय. नंतर प्रश्न विचारला की कळतं, लक्षात राहिला तो रंग आणि आवाज.

यावर अभ्यासही झालेला आहे. बार्बरा ट्व्हर्स्की आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये तोवरच्या प्रयोगांचा आढावा घेतला होता. चांगल्या स्थिर चित्रांपेक्षा ॲनिमेशननं जास्त कळतं असं त्यांना दिसलं नाही. जिथे ॲनिमेशन वरचढ ठरलं होतं तिथे बऱ्याचदा त्यात चित्रापेक्षा जास्त माहितीच भरलेली होती. याउलट रिचर्ड मेयर आणि पॉल चँडलर यांचा २००१ चा प्रयोग बघा. वीज कशी चमकते याचं ॲनिमेशन. एका गटाला सलग दाखवलं, दुसऱ्याला छोट्या तुकड्यांत, प्रत्येक तुकड्यानंतर स्वतः बटण दाबून पुढे जायचं. मजकूर तोच, आवाज तोच. पण शिकलेलं नव्या प्रश्नाला लावून बघायची वेळ आली तेव्हा बटणवाला गट पुढे होता.

म्हणजे तुम्हाला फार भारी काही करायचंच नाहीये. पाच स्थिर चित्रं आणि "पुढे" असं एक बटण, एवढ्यानं पहिला पाठ उभा राहतो. पॉवरपॉइंट येतं ना तुम्हाला? मग आजच सुरू करा.

एक आग्रह मात्र धरतो. चंद्राच्या कला पडद्यावर दाखवण्याआधी अंधाऱ्या खोलीत एक दिवा आणि काडीला खोचलेला चेंडू घेऊन प्रत्येक मुलाला स्वतःभोवती फिरू द्या. डोकं म्हणजे पृथ्वी. चेंडूवरचा उजेड कसा बदलतो हे एकदा अंगानं कळलं की मग पडद्यावरचं वरून दिसणारं चित्र त्याला वाचता येतं.

रानजाई

सर, चेंडूचा प्रयोग दरवर्षी करतेच. खरी अडचण त्याच्या नंतरची आहे. "पृथ्वीची सावली पडते म्हणून कोर दिसते" हा समज प्रयोगानंतरही काही मुलांच्या डोक्यातून जात नाही. आणि मोठी उडी आहे ती वरून बघितलेल्या चित्रातून अंगणातून दिसणाऱ्या चंद्राकडे जाण्याची. ही दोन्ही दृश्यं एका वेळी, शेजारी-शेजारी, मुलाच्या हाताखाली बदलताना दिसली पाहिजेत. म्हणून तर हा खटाटोप.

दर्यावर्दी

रानजाई, तुमच्या या शेवटच्या प्रतिसादामुळे लिहायला बसलो. मी प्रोग्रामर आहे, भाचरांसाठी अशा छोट्या गोष्टी बनवत असतो. चंद्राच्या कलांसाठी आपल्याकडे एक तयार मोजपट्टी आहे आणि ती कुठल्याच परदेशी सिम्युलेशनमध्ये मी पाहिलेली नाही: तिथी.

सूर्य आणि चंद्र यांच्यामधला, पृथ्वीवरून मोजलेला कोन १२ अंशांनी वाढला की एक तिथी पुरी होते. ३० तिथ्या, ३६० अंश. अमावास्येच्या शेवटी कोन शून्य, पौर्णिमेच्या शेवटी १८०. म्हणजे पडद्यावर खाली फक्त एक सरकपट्टी ठेवायची, तिच्यावर प्रतिपदा, द्वितीया, तृतीया अशी नावं, आणि ती सरकवली की डावीकडे चंद्र पृथ्वीभोवती १२-१२ अंशांनी फिरेल, उजवीकडे अंगणातून दिसणारा चंद्र बदलेल. शुद्ध अष्टमी ८४ ते ९६ अंश, बरोबर मध्यावर ९०, आणि तेव्हाच अर्धा चंद्र. हे मुलांनी स्वतः सरकवून शोधलं तर "अष्टमीचा चंद्र अर्धा" हे पाठ करावं लागत नाही.

उजवीकडचा चंद्र काढणं दिसतं तेवढं अवघड नाही. प्रकाशित भागाला दोन कडा असतात. बाहेरची कड म्हणजे अर्धवर्तुळ, ते कधी बदलत नाही. आतली कड म्हणजे उजेड-अंधाराची सीमा, ती अर्धं लंबवर्तुळ असते. तिची उंची चंद्राच्या व्यासाइतकीच, रुंदी मात्र त्रिज्या गुणिले कोनाची कोसाइन. अष्टमीला कोसाइन शून्य, म्हणून सीमा सरळ रेघ होते. त्याआधी ती उजेडाच्या बाजूला वाकते, नंतर अंधाराच्या. एसव्हीजीत हे दोन चापांचं काम आहे, सगळं मिळून वीस-पंचवीस ओळी. ज्यांना सातवी-आठवीला शिकवता त्यांनी त्रिकोणमिती पाहिलेली नसते, तेव्हा हे आतच राहू द्या, मुलांना दाखवायची गरज नाही.

आता यात मला सर्वात आवडणारा भाग. संकष्टीला चंद्रोदयाची वेळ घरोघरी बघितली जाते, मुलांना ती माहीत असते. पौर्णिमेचा चंद्र साधारण सूर्यास्ताला उगवतो, कारण कोन १८०. वद्य चतुर्थीला कोन २१६ ते २२८, म्हणजे १८० च्या पुढे ३६ ते ४८ अंश. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. ३६ भागिले १५ म्हणजे दोन तास चोवीस मिनिटं, ४८ भागिले १५ म्हणजे तीन तास बारा मिनिटं. सूर्यास्त सहाला धरला तर चंद्रोदय साडेआठ ते सव्वानऊच्या आसपास येतो. ऋतूनुसार पुढेमागे होतं, पण भिंतीवरच्या कॅलेंडरात छापलेली वेळ याच्या जवळपासच असते. सरकपट्टीशेजारी "चंद्रोदय अंदाजे" असा एक आकडा दाखवा आणि मुलांना घरच्या कॅलेंडराशी ताडून बघायला सांगा. मग पृथ्वीच्या सावलीचा गैरसमज टिकायला जागाच उरत नाही, कारण मुलाला चंद्र सूर्यापासून किती लांब सरकलाय हे मोजता येतं.

अजून दोन बारकावे. पुस्तकांत कोर बहुधा उभी काढलेली असते. आपल्या अक्षांशावर संध्याकाळची कोर बरीचशी आडवी, होडीसारखी दिसते. म्हणून उजवीकडचं चित्र थोडं फिरवून ठेवा, मुलं आकाशात जे बघतात त्याच्याशी ते जुळलं पाहिजे. दुसरं म्हणजे अंतर. चंद्र पृथ्वीपासून सुमारे ३,८४,४०० किलोमीटरवर, पृथ्वीच्या जवळपास ३० व्यासांइतका दूर. पडद्यावर हे अंतर ९०० पिक्सेल घेतलं तर पृथ्वी ३० पिक्सेलची आणि चंद्र जेमतेम ८ पिक्सेलचा होईल. तसं दाखवता येत नाही, तेव्हा चित्राखाली "आकार आणि अंतर प्रमाणात नाही" ही ओळ हवीच. तिच्याशिवाय मुलं चंद्र पृथ्वीच्या कुशीत आहे असं मानून मोठी होतात.

मोरपीस

दर्यावर्दी, तिथीची कल्पना अप्रतिम! वाचनखूण साठवली आहे.

मी मुद्रण आणि अक्षरांच्या क्षेत्रात काम करते, त्यामुळे मराठी मजकुराबद्दल लिहिते, कारण नवख्या माणसाचा उत्साह सगळ्यात आधी तिथे मोडतो. ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये देवनागरी टाकली की जोडाक्षरं सुटी होतात, वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाऊन बसते. ब्लेंडरच्या मजकुरात हे हमखास होतं. अडोबीच्या इलस्ट्रेटर-फोटोशॉपमध्ये भारतीय भाषांसाठीचा कंपोझर (अक्षरं जुळवायची सेटिंग) निवडावा लागतो, नाहीतर तिथेही तेच. फुकटातला खात्रीचा मार्ग म्हणजे मजकूर इंकस्केपमध्ये लिहायचा, पाथ मेन्यूतून त्याचा आकार करून घ्यायचा आणि ते एसव्हीजी पुढे न्यायचं. आकार झाल्यावर शुद्धलेखन सुधारता येत नाही, म्हणून मजकूर शाबूत असलेली मूळ प्रत वेगळी जपून ठेवा.

एचटीएमएलमध्ये बनवत असाल तर हा प्रश्न येत नाही, ब्राउझर देवनागरी नीट जुळवतो. तिथे दुसरी गोष्ट बघा. मराठीतला ल आणि श हिंदीपेक्षा वेगळे दिसतात आणि मुलं पुस्तकात मराठी वळणच गिरवतात. पानाची भाषा मराठी आहे असं कोडमध्ये नोंदवलं, म्हणजे भाषेच्या जागी एमआर हा कोड दिला, की नोटो सान्स देवनागरीसारखे फाँट आपोआप मराठी वळण घेतात. तिरो देवनागरी मराठी हा तर मराठीसाठीच घडवलेला फाँट आहे, पण तो पुस्तकी प्रकृतीचा. पडद्यावरच्या छोट्या नावांसाठी 'मुक्त' नावाचा फाँट जास्त सुटसुटीत दिसतो. फाँट निवडल्यावर "दुसऱ्या", "वाऱ्याची", "तऱ्हा" हे शब्द टाइप करून बघा. ऱ्य नीट आला तर बाकी सगळं बहुधा नीट येतं.

श्रीलिपी किंवा कृतीदेव या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला जुना मजकूर असेल तर तो आधी युनिकोडमध्ये आणा. दुसऱ्या संगणकावर तो फाँट नसला की फाइल वाचता येत नाही.

तिफण

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे, विदर्भात. बनवलेली गोष्ट वर्गापर्यंत पोचवण्याबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

एकच फाइल. हे ध्यानात ठेवा. चित्रांचा फोल्डर वेगळा, आवाजाचा वेगळा आणि मधे एक एचटीएमएल फाइल अशी रचना असेल तर संगणकावर चालेल, पण तीच व्हॉट्सॲपवरून पालकांच्या फोनवर गेली की चित्रं गायब. फोन त्या फाइलला शेजारचा फोल्डर बघू देत नाही. पेनड्राइव्हवरून क्रोममध्ये उघडली तरी घोळ होतो. पान एखादी डेटाची फाइल नंतर मागवून घेत असेल, तर क्रोम सुरक्षेच्या कारणावरून ती देत नाही आणि पडदा कोरा राहतो. अडोबीच्या ॲनिमेट सॉफ्टवेअरमधून काढलेल्या किंवा लॉटी (डेटाच्या फाइलवर चालणारं वेब-ॲनिमेशन) प्रकारच्या गोष्टींना हा त्रास नेहमीचा. मराठी फाँटसुद्धा नेटवरून येत असेल तर वर्गात येणार नाही.

यावर मला सापडलेला सोपा उपाय म्हणजे ल्युमी. संगणकावर बसवायचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात एचफाइव्हपीचे सगळे प्रकार बनवता येतात: ओढून ठेवा, चित्रावर दाबा, व्हिडिओ मधेच थांबवून प्रश्न विचारा. आणि सगळं पोटात घेतलेली एकच एचटीएमएल फाइल बाहेर काढता येते. नेट लागत नाही, सर्व्हर लागत नाही. व्हिडिओ मात्र आत घालू नका, फाइल इतकी जड होते की फोन उघडतच नाही.

तुमच्या रक्ताभिसरणासाठी यातला ओढून ठेवायचा प्रकार नेमका बसेल. इंकस्केपमधलं हृदयाचं चित्र मागे, त्यावर चार कप्प्यांच्या जागा, आणि मुलानं "फुप्फुसातून आलेलं रक्त", "शरीरातून आलेलं रक्त" अशा चिठ्ठ्या योग्य कप्प्यात न्यायच्या. चुकलं तर का चुकलं हे सांगणारी ओळ प्रत्येक जागेला लिहा. "पुन्हा प्रयत्न करा" एवढंच लिहिलं तर मुलं अंदाजानं चिठ्ठ्या फिरवत बसतात. या ओळी लिहायला चित्रापेक्षा जास्त वेळ लागतो आणि त्या शिक्षकालाच लिहिता येतात, कारण मूल कुठे गडबडतं हे त्यालाच ठाऊक असतं. एआयकडून कोड लिहून घ्या खुशाल, या ओळी त्याच्याकडून घेऊ नका.

शिकण्यासाठी आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल बघा. इंकस्केप, जिंप, ब्लेंडर, सिनफिग, आवाजासाठी ऑडॅसिटी, सगळं आहे, बऱ्याच पाठांचं निवेदन मराठीत आहे. अर्ध्या पडद्यावर पाठ, अर्ध्यावर सॉफ्टवेअर, त्यांनी एक पायरी केली की थांबवून आपण करायची. नुसतं बघत गेलात तर काही हाती लागत नाही.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं नेमकं मार्गदर्शन मिळेल असं वाटलं नव्हतं. परिपथाला फेट घेतेय. इंकस्केपमध्ये हृदय काढून ल्युमीत बसवलं, तिफण सरांनी सांगितल्याप्रमाणे प्रत्येक चुकीच्या उत्तराला वेगळी ओळ लिहिली. मुलींचा एक गट डाव्या-उजव्यावरूनच भांडत होता: चित्रातली डावी बाजू की हृदयाची डावी? ते चित्रातच ठळक लिहायला हवं हे त्यामुळे कळलं.

चंद्राची सरकपट्टी दर्यावर्दींनी व्यक्तिगत निरोपातून पाठवलेल्या सांगाड्यावर उभी केली. मुलांनी संकष्टीची वेळ ताडून पाहिली आणि ती जवळपास जुळली तेव्हा वर्गात जो गलका झाला तो मला फार मोलाचा वाटतो. पण लगेच पुढचा प्रश्न आला. सरकपट्टी पौर्णिमेवर नेली की डावीकडच्या चित्रात सूर्य, पृथ्वी, चंद्र एका ओळीत येतात. मग दर पौर्णिमेला ग्रहण का नाही? आता हे याच फाइलमध्ये कसं दाखवू?

दर्यावर्दी

याच फाइलमध्ये दाखवू नका. डावीकडचं चित्र वरून बघितलेलं आहे, आणि वरून बघताना कक्षेचा कल दिसतच नाही. त्यासाठी दुसरी छोटी फाइल करा, बाजूनं बघितलेली. सूर्य लांब डावीकडे, पृथ्वीची सावली उजवीकडे निमुळती होत गेलेली, आणि चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेला सुमारे ५ अंशांनी कललेली. इथे मुलाच्या हातात तिथी देऊ नका, महिना द्या. महिना सरकवला की पौर्णिमेचा चंद्र सावलीच्या कधी वर, कधी खाली जाताना दिसेल आणि वर्षातून एखाद-दोनदाच सावलीजवळ येईल. ५ अंश पडद्यावर अगदी किरकोळ दिसतात, म्हणून कल वाढवून दाखवावा लागेल. वाढवलाय हे चित्रात लिहा, आणि खरा कल किती हे दाखवणारं एक बटण ठेवा. सांगाडा आज रात्री पाठवतो, कक्षेच्या रेषेचं नाव त्यात "कक्षा१" असं आहे, तुमच्या इंकस्केपच्या चित्रातही तेच ठेवा म्हणजे जोडायला त्रास होणार नाही.